शिकारपूरहून कल्याणला आलेले आमचे बाबा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात ‘संस्थापक सभासदांचे स्मरण’ या कार्यक्रमात केलेले भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



सचिवांनी मला सांगितलं की 303 च्या बाबांबद्दल पंधरा मिनिटं बोलायचं. आमचे आजोबा 2019 च्या नोव्हेंबरमध्ये गेले, नव्वदाव्या वर्षी. इथले निम्मे लोक त्यांना ओळखतात ते खाली गेटजवळच्या बाकावर बसणारे, येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘मानी खाधई?’ म्हणजे ‘जेवलास का?’ असं विचारणारे म्हातारे गृहस्थ म्हणून. उरलेले निम्मे नंतर राहायला आले, त्यांनी फक्त ऑफिसातल्या भिंतीवरचा फोटो पाहिलाय. म्हणून जरा सुरुवातीपासून सांगते.

बाबांचा जन्म 1929 सालचा, सिंधमधल्या शिकारपूरचा. शिकारपूर म्हणजे एके काळी मोठं व्यापारी गाव. तिथल्या सावकारांच्या हुंड्या मध्य आशियापर्यंत चालायच्या. गावातला मुख्य बाजार वरून पूर्ण झाकलेला होता, उन्हापासून आडोसा म्हणून. त्या बाजारात माझ्या पणजोबांचं कापडाचं छोटं दुकान होतं. शिकारपूरचं लोणचं प्रसिद्ध, आणि त्याबद्दल बाबा इतकं बोलायचे की आम्हा मुलांना वाटायचं तिथे लोक जेवत नसावेत, नुसतं लोणचंच खात असावेत.

फाळणीचा विषय निघाला की आपल्याला पंजाब आणि बंगाल आठवतात, कारण ते प्रांत मधोमध कापले गेले. सिंधचं तसं झालं नाही. सिंध अख्खा गेला. त्यामुळे तिथल्या हिंदूंना ‘आपल्या बाजूचा’ सिंध असा उरलाच नाही. दहा लाखांहून जास्त माणसं आली आणि मिळेल तिथे पांगली. कोणी अजमेरला, कोणी अहमदाबादला, कोणी पिंपरीला, चेंबूरला, कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला. आणि सगळ्यात जास्त आली ती आपल्या शेजारी, कल्याणच्या छावण्यांत.

सुरुवातीला शिकारपूरमधून कोणी हलणार नव्हतं. राज्यं येतात-जातात, बाजार तसाच राहतो, असं पणजोबांचं म्हणणं होतं. मग 6 जानेवारी 1948 ला कराचीत दंगल झाली आणि लोकांचा धीर सुटला. पणजोबांनी घराला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली, आणि घराचे कागद शेजाऱ्याकडे ठेवले. दोन-तीन महिन्यांत परत यायचं, तर कागद बोटीत भिजवायचे कशाला, असा हिशेब. कराचीहून आगबोटीने मुंबईला, गोदीतून रेल्वेने कल्याणला. आई, वडील, दोन लहान बहिणी, आणि एकोणीस वर्षांचे बाबा. चार बोचकी आणि लोणच्याची एक बरणी. बरणी बोटीत फुटली. आमच्या घरात फाळणीची गोष्ट नेहमी त्या बरणीपाशी येऊन थांबायची. पुढचं सांगायची वेळ आली की बाबा म्हणायचे, “चल, आता झोप.”

छावणी म्हणजे दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी बांधलेल्या बराकी. लांबच लांब, वर पत्रा किंवा कौलं, आत भिंती नाहीत. एका बराकीत अनेक कुटुंबं, आणि दोन घरांच्या मध्ये गोणपाटाचा पडदा. अमां, म्हणजे आमची आजी, तीही अशाच एका बराकीतली. ती म्हणायची, “पडद्यापलीकडची भाकरी करपली तर आम्ही इकडून ओरडायचो.” नळाला रांग, संडासाला रांग, रेशनला रांग. पुढे 8 ऑगस्ट 1949 ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते तिथे नव्या वसाहतीची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून नाव पडलं उल्हासनगर. पण आमच्या घरात आजही कोणी उल्हासनगर म्हणत नाही. ‘कॅम्प’च म्हणतात. आत्या कॅम्प चारला राहते.

पहिला पाऊस आला तेव्हा हे लोक घाबरले. बाबा म्हणायचे, “आमच्याकडे वर्षभरात पडतो तेवढा पाऊस इथे एका दुपारी पडला. मला वाटला, देवाचा नळ बिघडला.” हो, ‘वाटला’. सिंधीत नपुंसकलिंग नाही, आणि सत्तर वर्षं मराठी बोलूनही बाबांना ते जमलं नाही. माझा घर, माझा दुकान, तुझा नाव काय. माझी आई मराठीची शिक्षिका. ती सुरुवातीला दुरुस्त करायची. नंतर तिने नाद सोडला, आणि काही वर्षांनी तीच एकदा शाळेत ‘माझा पुस्तक’ म्हणाली!

आता तुम्हाला दप्तराची गोष्ट सांगायला हवी. कारण कल्याणमध्ये बाबांना लोक ओळखायचे ते ‘दप्तरवाले’ म्हणून.

छावणीत आल्यावर पणजोबांनी हाय खाल्ली. खाटेवर बसून राहायचे. कमरेची किल्ली काढायचे नाहीत. म्हणजे कमावणारे एकटे बाबा. आधी त्यांनी लोकलमध्ये गोळ्या विकल्या, मग बराकीतल्या बायकांनी लाटलेले पापड डोक्यावर घेऊन ठाण्यापर्यंत जायला लागले. तेव्हा इथले जुने दुकानदार सिंध्यांवर नाराज असायचे, कारण ही माणसं अगदी कमी नफ्यावर विकायची. तुम्ही तो किस्सा ऐकला असेल, साखर खरेदीच्याच भावाने विकायची आणि रिकामं झालेलं पोतं हाच नफा. आम्ही विचारायचो, “बाबा, हे खरंय?” ते म्हणायचे, “खोटा आहे. पोत्याची सुतळीसुद्धा विकायचो.”

तर छावणीच्या आसपास सैन्याचं टाकाऊ सामान पडलेलं असायचं. त्यात फाटक्या तंबूंचं कॅनव्हास होतं. सगळे ते पावसाळ्यात छपरावर टाकायला न्यायचे. बाबांनी पाहिलं की तंबू शिवणीवर आणि घडीवर फाटतो, मधला कपडा ठणठणीत असतो. त्यांनी एका भंगारवाल्याकडून वजनावर कॅनव्हास घेतलं, चांभाराकडून दाभण उसनं आणलं, आणि मधल्या तुकड्यांची दप्तरं शिवली. दोन लहान बहिणींनी दोऱ्याला मेण लावून दिलं. जूनमध्ये शाळा उघडल्या त्या दिवशी ते कल्याणमधल्या एका शाळेच्या फाटकाबाहेर सात दप्तरं घेऊन उभे राहिले. पावसात पाटी-पुस्तक भिजत नाही, हे दाखवायला दप्तरात कोरडा कागद घालून वर तांब्याभर पाणी ओतायचे आणि कागद काढून दाखवायचे. मुलं जमा व्हायची, मग आया थांबायच्या. दुपारपर्यंत सातही गेली.

पण त्यांची खरी हुशारी पुढे आहे. त्यांनी सांगून टाकलं, मूल चौथी पास होईपर्यंत दप्तराची दुरुस्ती फुकट. बंद तुटला, आणा. बक्कल निघालं, आणा. लोकांना वाटायचं हा माणूस वेडा आहे. पण दुरुस्तीला आलेल्या आईबरोबर धाकटं भावंडं असायचं, आणि पुढच्या जूनला त्याचं दप्तर इथूनच जायचं. पाच-सहा वर्षांत शिलाई मशीन आलं, मग दुसरं आलं, मग कल्याण स्टेशनजवळ हातभर रुंद दुकान झालं. पुढे उल्हासनगरच्या मालावर ‘मेड इन यूएसए’ लिहिलेलं असतं आणि यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, असा विनोद सगळीकडे फिरायला लागला. बाबा त्यावर हसायचे, पण त्यांच्या दप्तराच्या झाकणाच्या आत शिक्का असायचा मराठीत: ‘कल्याण’. बस्स, एवढंच.

मराठी ते वर्तमानपत्रातून शिकले. ‘लोकसत्ता’ 1948 सालीच सुरू झाला, तेव्हा ‘हा पेपर आणि मी एकाच वर्षी मुंबईत आलो’ असं ते अभिमानाने सांगायचे. त्यांची स्वतःची लिपी उजवीकडून डावीकडे जाणारी, बावन्न अक्षरांची. त्यामुळे सुरुवातीला ते मराठी पेपर शेवटच्या पानापासून उघडायचे. निदान अमां तसं सांगायची.

त्यांना ‘निर्वासित’ शब्द आवडायचा नाही. छावणीतले लोक स्वतःला ‘पुरुषार्थी’ म्हणवून घ्यायचे. कोणी ‘तुम्ही बाहेरचे’ म्हणालं की बाबा शांतपणे इतिहास काढायचे. 1936 पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. 1 एप्रिल 1936 ला तो वेगळा प्रांत झाला. “म्हणजे मी जन्मलो मुंबई इलाख्यात,” ते म्हणायचे, “सात वर्षांचा असताना सरकारने मला बाहेर काढला, आणि एकोणीसचा असताना मी परत आलो. यात बाहेरचा कोण?” समोरच्याला उत्तर सुचेपर्यंत पापड आणि पाण्याचा ग्लास पुढे आलेला असायचा. सिंधी घरात कोणीही आलं की आधी पापड आणि पाणी. आपल्या सोसायटीतल्या कुरियरवाल्यांनासुद्धा 303 मधला पापड माहीत होता.

माझे आई-बाबा, म्हणजे माझे वडील आणि आई, यांचं लग्न 1979 सालचं. आई पारनाक्याजवळच्या मराठी घरातली. दोन्हीकडे वातावरण तापलेलं. आईच्या वडिलांना मुलगी ‘कॅम्पात’ द्यायची नव्हती, आणि अमांना सून भाजीत गूळ घालणारी नको होती. बाबा एकटे आईच्या घरी गेले. सोबत काय नेलं असेल? मिठाई नाही, दुकानाच्या तीन वर्षांच्या हिशेबाच्या वह्या! त्या व्याह्यांपुढे ठेवल्या आणि म्हणाले, “मुलगा कसा आहे ते शेजारी सांगतील. घर कसा आहे ते हे सांगेल.” आईचे वडील सरकारी नोकरीत हिशेबनीस होते. त्यांनी खरंच तासभर वह्या पाहिल्या. एका ठिकाणी चार आण्यांची चूक काढली. बाबांनी तिथल्या तिथे चार आणे टेबलावर ठेवले. लग्न ठरलं. आमच्या घरात त्यानंतर साईभाजी आणि अळूचं फदफदं एकाच ताटात आलं. थदडीला आदल्या रात्री केलेले गोड लोले थंड खायचे आणि दसऱ्याला श्रीखंड, असा आमचा सगळा कारभार.

आता सोसायटीकडे येते, कारण ज्येष्ठ मंडळींना त्यांचा हा भाग जास्त माहीत आहे.

बाबांनी आयुष्यभर कागद जपले. त्याचं कारण शिकारपूरला होतं. पाकिस्तानात राहिलेल्या मालमत्तेसाठी सरकारने दावे मागवले, 1954 साली भरपाईचा कायदाही झाला. पणजोबांनी दावा लावला. पण कागद शेजाऱ्याकडे राहिलेले. साक्षीदार म्हणून उभं राहायला गावचे लोक कुठे कुठे पांगलेले. घर होतं हे पटवून देता आलं नाही आणि हाती जवळजवळ काही आलं नाही. पणजोबा गेले तेव्हा किल्ली कमरेलाच होती. त्यानंतर बाबांनी एक नियम केला, लाइट बिलसुद्धा टाकायचं नाही.

1999 साली आपली सोसायटी नोंदली गेली. चोवीस सदनिका. बाबा तेव्हा सत्तरीचे. प्रवर्तकांच्या पहिल्या बैठकीत सगळे पार्किंगवर भांडत होते. बाबांनी एकच प्रश्न विचारला, “जमीन कोणाच्या नावावर आहे?” बिल्डर म्हणाला, होईल, करून देऊ. ते ‘करून देऊ’ पुढची दहा वर्षं चाललं. आपल्यापैकी बहुतेकांना वाटत होतं की फ्लॅटचा करार झाला, पैसे भरले, झालं घर आपलं. बाबा प्रत्येक वार्षिक सभेत उठून सांगायचे की फ्लॅट आपला आहे, पण खालची जमीन आणि इमारत जोपर्यंत सोसायटीच्या नावावर होत नाही, तोपर्यंत उद्या पुनर्विकास करायचा म्हटलं तरी आपण दुसऱ्याच्या दारात उभे. लोक कंटाळायचे. इतिवृत्तात चार वर्षं ओळीने एकच वाक्य आहे: ‘303 च्या सभासदांनी अभिहस्तांतरणाचा विषय मांडला. नोंद घेण्यात आली.’

2008 साली कायद्यात दुरुस्ती होऊन मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे आपण ज्याला डीम्ड कन्व्हेयन्स म्हणतो त्याची, सोय झाली. बिल्डर करून देत नसेल तर सोसायटी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करू शकते. बाबांनी चोवीस घरांत फिरून करारनामे, इंडेक्स टू, नोंदणीच्या पावत्या गोळा केल्या. पाच घरांना करारनामा सापडत नव्हता. त्या पाचही जणांबरोबर ते नोंदणी कार्यालयात जाऊन नक्कल काढून आले. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे दुखतात, पण हातात आपलं जुनं कॅनव्हासचं दप्तर. सुनावणीच्या तारखा पडत गेल्या. 2013 साली आदेश आला, पुढे दस्त नोंदला गेला आणि जमीन आपल्या सोसायटीच्या नावावर झाली. त्या दिवशी त्यांनी प्रत्येक घरी पापडाचं पाकीट पाठवलं होतं. त्यावर बोलले काहीच नाहीत. मी विचारलं, “बाबा, आनंद झाला का?” म्हणाले, “उद्या मालमत्तापत्रकाची झेरॉक्स काढायची आहे. तीन.”

2005 चा पूर तर सगळ्यांना आठवत असेल. 26 जुलै. उल्हास आणि वालधुनी दोन्ही चढल्या, आपल्या तळमजल्यावर माणसाच्या छातीएवढं पाणी. तळमजल्यावरची पाच कुटुंबं वर आणली, गच्चीत चूल मांडली, तीन दिवस चोवीस घरांचा एकच स्वयंपाक. वर्षाच्या बाराही महिने मिटिंगमध्ये न बोलणाऱ्या बायका त्या तीन दिवसांत एका परातीत पीठ मळत होत्या. पाणी ओसरल्यावर आजूबाजूच्या इमारतींचे सगळे दफ्तर, रजिस्टर, नकाशे लगदा झालेले. आपलं ऑफिसही तळमजल्यावरच. पण जूनच्या पहिल्या आठवड्यातच बाबांनी सोसायटीची कागदपत्रं एका निळ्या प्लास्टिकच्या पिंपात घालून 303 च्या माळ्यावर ठेवली होती. दर पावसाळ्यात ठेवायचे. तोवर आम्ही घरचे लोक त्यांना हसायचो. आठ वर्षांनी त्याच पिंपातल्या कागदांवर आपला दस्त झाला.

आता जे सांगणार आहे ते जरा घरातलं आहे. आई-वडिलांना विचारून, काका आणि आत्याला विचारून सांगतेय.

बाबा गेल्यावर तेराव्याच्या दिवशी सचिवांनी कपाटातून नॉमिनेशन फॉर्म काढला. बाबांना तीन मुलं. पुण्यात राहणारे काका, कॅम्पातली आत्या आणि माझे वडील. फॉर्मवर या तिघांपैकी कोणाचंच नाव नव्हतं. नाव होतं माझ्या आईचं. शंभर टक्के.

तुम्ही कल्पना करू शकता. खोलीत इतकी शांतता झाली की पंख्याचा आवाज यायला लागला. काकांना वाटलं, घर धाकट्याच्या बायकोच्या नावावर गेलं. आत्या काही बोलली नाही, पण चहा न घेता निघाली. खुद्द माझ्या आईला रडू कोसळलं, कारण तिला याची काही कल्पना नव्हती.

दोन दिवसांनी निळ्या पिंपात रजिस्टर केलेलं मृत्युपत्र सापडलं. आणि त्याबरोबर पानभर पत्र, मराठीत, त्यांच्याच ‘माझा घर’ वाल्या मराठीत. त्यातलं घरच्यांच्या परवानगीने सांगते. त्यांनी लिहिलं होतं की घर तिन्ही मुलांचं आहे, सारख्या वाट्याने. सून हयात आहे तोवर तिला तिथे राहण्याचा हक्क आहे. नॉमिनी म्हणजे मालक नाही. नॉमिनी म्हणजे चावी सांभाळणारी. चावी सुनेकडे दिली, कारण तिन्ही मुलं माझी आहेत, ती आपापल्या बाजूने बोलतील, आणि ही बाहेरून आली आहे म्हणून ती हिशेब बरोबर ठेवेल. आणि शेवटी एक ओळ होती: मुलीची सही पैसे दिल्याशिवाय घ्यायची नाही.

या शेवटच्या ओळीचं वजन इथल्या बायकांना कळेल. आपल्याकडे वडील गेले की बहिणीला बोलावतात, साडीचोळी करतात आणि हक्कसोडपत्रावर सही घेतात. बहीणही माहेर तुटू नये म्हणून सही करते. आत्याने तीच तयारी ठेवली होती. ती म्हणालीसुद्धा, “कागद आणा, मी सही करते, मला काही नको.” माझ्या आईने कागद आणला नाही. ती म्हणाली, “चावी माझ्याकडे आहे ना? मग बाबांनी सांगितलं तसंच होणार.”

सोपं गेलं नाही. घराची किंमत किती धरायची यावर काका आणि माझे वडील चार महिने एकमेकांशी बोलत नव्हते. मग लॉकडाऊन आला. वडिलांच्या दुकानाला कुलूप, काकांचा पगार निम्मा. आईने एक वही घातली. आत्याच्या वाट्याची रक्कम वर लिहिली आणि दर महिन्याला जे जमेल ते, कधी दहा हजार, कधी दोन हजार, तारखेसह मांडत गेली. दोन्ही भावांकडून. महिना चुकला तर फोन करायची, आणि फोनवर पैशांचं काढायचीच नाही, विचारायची “मानी खाधई?” त्यांना बरोबर कळायचं. या वर्षी अक्षय्य तृतीयेला शेवटचा हप्ता गेला. त्यानंतर आत्याने सही केली. नोंदणी कार्यालयातून बाहेर आल्यावर तिने पर्समधून पापडाचं पाकीट काढून माझ्या आईच्या हातात ठेवलं. आता शेअर सर्टिफिकेटवर काका आणि माझे वडील, दोघांची नावं आहेत. पन्नास रुपयांचे पाच शेअर. दोघे एकमेकांशी व्यवस्थित बोलतात, आणि बहीण दर राखीला दोघांकडे येते.

बाबांच्या मागे अकरा वह्या राहिल्या. सगळ्या सिंधीत, त्यांच्या लिपीत. घरात कोणालाही वाचता येत नाहीत. वडिलांना सिंधी बोलता येतं, लिहिता येत नाही. मला कळतं, बोलताना अडखळते. माझ्या मुलीला ‘मानी’ आणि ‘पापड’ एवढे दोनच शब्द येतात, आणि पापड तर सगळ्यांनाच येतो. 1967 साली सिंधी भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली, तेव्हा छावणीत मिठाई वाटली होती असं बाबा सांगायचे. पण घटनेत असलेली भाषा आमच्या तिसऱ्या पिढीत वाचता येत नाही, हेही खरं. कॅम्पातले एक निवृत्त शिक्षक दर रविवारी येऊन आम्हाला त्या वह्या वाचून दाखवतात. सहा झाल्यात. बहुतेक हिशेब आहेत. कोणाला किती उसने दिले आणि बरीचशी नावं खोडलेली. चौथ्या वहीत मात्र एका पानावर शिकारपूरच्या घराचं वर्णन आहे. किती पावलं लांब, किती रुंद, दारं किती, अंगणात विहीर कुठे, माळ्यावर लोणच्याच्या बरण्या किती. खाली तारीख 1999 ची. म्हणजे आपली सोसायटी नोंदली गेली त्याच वर्षी बसून त्यांनी एक्कावन्न वर्षांपूर्वी सोडलेलं घर आठवून आठवून कागदावर उतरवलं होतं. माझी मुलगी आता त्या पानावरून नकाशा काढतेय. पावलांवरून तिने माप धरलंय ते पणजोबांच्या चपलेचं, ती अजून आमच्याकडे आहे.

बाबांच्या नावाने काही करायचं का, असं कमिटीने आम्हाला विचारलं होतं. बाक आहेच, त्यावर पाटी नको. फक्त एक विनंती. काल मी सचिवांकडून माहिती घेतली. आपल्या चोवीस घरांपैकी नऊ घरांचे नॉमिनेशन फॉर्म अजून ऑफिसात आलेले नाहीत. त्यातली चार घरं ज्येष्ठ नागरिकांची आहेत. फॉर्म भरला म्हणजे घर त्या माणसाचं होतं अशी भीती बाळगू नका. 2019 साली सहकार कायद्यात आपल्यासारख्या गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं, त्यातही नॉमिनीला तात्पुरता सभासद असंच म्हटलंय. वारस कोण हे मृत्युपत्रावरून किंवा वारसा हक्कावरूनच ठरतं. म्हणून फॉर्म तर भराच, पण मृत्युपत्रही करा. आणि त्यात मुलींना विसरू नका. चावी कोणाला द्यायची आणि घर कोणाला द्यायचं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्हींची उत्तरं तुम्ही हयात असताना लिहून ठेवा, म्हणजे तेराव्याला पंख्याचा आवाज ऐकायची वेळ येणार नाही.

फॉर्म मी झेरॉक्स काढून आणलेत, जेवणाच्या टेबलाशेजारी ठेवलेत. तीन प्रती लागतात. पेनही ठेवलंय. शेजारी पापडाचा डबा आहे, आत्याने कॅम्पातून पाठवलाय. फॉर्म न भरणाऱ्यालाही मिळेल.

सगळ्यांना रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा.